रमणकाकाच्या दुपारी

आमच्या घरात दिवसा आडवं झालेलं माणूस आजारी समजलं जाई, आणि आजारी नसेल तर त्याच्यावर संशय घेतला जाई. एकदा माझी मावशी चार दिवस राहायला आली होती. दुपारी जेवण आटोपल्यावर तिने ओसरीवर चटई टाकली आणि डोक्याखाली हात घेऊन ती पडली. माझी माय हातातलं काम टाकून धावत गेली, तिच्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "ताप शे का वं?" मावशी उठून बसली ती पुन्हा काही आडवी झाली नाही. ऊन उतरेपर्यंत तिने आमच्या भुईमुगाच्या शेंगा फोडून दिल्या. पाहुणी म्हणून आलेल्या बहिणीला आपण कामाला लावलं, असं मायला मुळीच वाटलं नाही. उलट बहीण धडधाकट आहे हे कळून तिचा जीव भांड्यात पडला.

शहाद्याहून तापीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. आम्ही गुजर. पूर्वज कधीतरी गुजरातेतून आले, नदी बघून थांबले आणि कामाला लागले, एवढाच आमचा इतिहास घरात सांगितला जाई. शेतात केळी, कपाशी, थोडा ऊस. पहाटे अंगणात पहिला आवाज यायचा तो आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खोकल्याचा. तो खोकला आजाराचा नव्हता, हुकमाचा होता. त्याच्यामागून गोठ्यातली साखळी, बादलीची कडी, मायच्या हातातली भाकरी थापण्याची लय, आणि वारा अनुकूल असला तर लांबून पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा भोंगा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार, एवढं खाऊन सगळे शेतात. दिवसभरात आप्पा समोर आले की एकच प्रश्न विचारत, "काय करी ऱ्हायनी?" काय चाललंय, म्हणून मोठ्यांना, पोरांना, गड्यांना, सगळ्यांना हाच प्रश्न. दुसऱ्या घरांत लोक एकमेकांना 'जेवलात का' विचारत असतील, आमच्याकडे हे विचारत. त्याला उत्तर तयार ठेवावं लागे. 'काही नही' हे उत्तर धरलं जात नसे. (आमच्या घरात गुजरी आणि अहिराणी अशी मिसळलेली बोली चाले. तशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल, म्हणून थोडी मऊ करून लिहिते आहे.)

या घरातला सगळ्यांत मोठा कामकरी होता माझा रमणकाका, आप्पांचा धाकटा भाऊ. आप्पा कामाचे मालक होते, काका कामाचा वेडा होता. केळीचा एकेक घड खांद्यावर घेऊन इतर माणसं वाकून चालत, काका दोन खांद्यांवर दोन घेऊन ताठ येई आणि ते खाली उतरवण्याआधी पाणीसुद्धा पीत नसे. रांगडा, अबोल, जेवताना मान खाली. आप्पा कधी कोणाची स्तुती करत नसत. पण पारावर चार माणसांत 'मन्हा रमण' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून असे येत की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नसे. काकाला मूलबाळ नव्हतं. कांताकाकू आणि तो, दोघांनी मिळून मला वाढवलं म्हटलं तरी चालेल. मॅट्रिकनंतर मला लोणखेड्याच्या कॉलेजात घालायचं, हे आप्पांच्या गळी त्यानेच उतरवलं होतं. "पुष्पाना वाटानं काम मी करसु," असं तो म्हणाला होता, आणि आप्पांनी ते ऐकलं होतं, कारण काकाने कबूल केलेलं काम होऊन गेल्यासारखंच असे.

होळी होऊन गेली होती. ऊन चढायला लागलं होतं. दुपारची पंगत बसली होती, वांग्याचं भरीत होतं, काकू वाढत होती. काकाने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली ठेवूनच म्हणाला, "भाऊ, उद्यापासून मी दुपारपर्यंत काम करसु. जेवण व्हयनं का मंग नही."

आप्पांचा घास हातातच राहिला. "बरं नही का?"

"बरं शे."

"मंग?"

"मंग काही नही."

काकूच्या हातातलं भरताचं भांडं माझ्या ताटावर तसंच तरंगत राहिलं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. काका जेवला, ताटाला नमस्कार करून उठला, हात धुतले. दुसऱ्या दिवशी खरोखरच तो सकाळी नेहमीच्या दुप्पट जोराने राबला, दुपारी जेवला, खांद्यावर पंचा टाकला आणि नदीकडच्या बोळाने निघून गेला. दिवेलागणीला परत आला. कोणी काही विचारलं नाही. आमच्या घरात संशय आला की माणसं आधी बोलणं बंद करत आणि बघायला लागत.

त्यानंतर घरात जो तो आपापला अंदाज बांधू लागला, आणि आता मागे वळून बघताना वाटतं, ज्याने त्याने काकात आपलंच भय पाहिलं. आप्पांना खात्री होती की काकाला वाटणी हवी आहे. नदीपलीकडे कोणाशी तरी बोलणी चालली आहेत, कोणीतरी त्याचे कान भरतंय. मायला वाटे, त्याला आतून काहीतरी मोठं दुखणं लागलंय आणि तो लपवतोय. ती त्याचं ताट उचलताना किती उरलं ते बघे, त्याने थुंकलेल्या चुळीकडेसुद्धा बघे. शेजारचे शिवदासआबा, ज्यांना आमच्या घराची काळजी आमच्याहून जास्त, त्यांनी आप्पांना पारावर बाजूला घेतलं. "जगन, लहाना भाऊवर ध्यान ठेव. फुकटमा कोणी कोठे जात नही." आप्पा घरी आले ते ओठ आवळूनच. कांताकाकूला काय वाटत होतं ते तिने कोणाला सांगितलं नाही. पण ती काकाचा सदरा धुवायला घेण्याआधी नाकाशी धरायची, हे मी दोनदा तरी पाहिलं.

आणि मी? मला आप्पांचं भय खरं वाटत होतं. घर फुटलं तर कॉलेज संपलं. माझ्या वाटणीचं काम करणारा माणूस वेगळ्या चुलीवर जेवणार असेल, तर मी विळा घेऊन शेतात आणि वर्षभरात कोणाच्या तरी घरी सून. म्हणून मी काकावर सगळ्यांत बारीक नजर ठेवून होते. तो आला की पायांना काय लागलंय ते बघे. वाळू असे. पंच्याला कधी गवताची कुसळं असत. एकदा खिशात पेरूच्या बिया सापडल्या. यातून काय निघतं ते कळेना. पण एक पुरावा मात्र असा होता की त्यापुढे सगळ्यांचे संशय एक झाले. काका खूश होता. इतकी वर्षं मान खाली घालून जेवणारा माणूस जेवताना इकडेतिकडे बघू लागला, भाजी चांगली झाली म्हणू लागला. एकदा मांजराने मायच्या पायातून झेप घेतली तेव्हा तो मोठ्याने हसला. त्या हसण्याने पंगत गार पडली. कारण नसताना माणूस हसतो म्हणजे काहीतरी आहेच, यावर घरात कोणाचंही दुमत उरलं नाही.

माझा मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा हल्ली मला विचारतो, "आई, दिवसभर काय करतेस?" शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला पुन्हा भेटला. आप्पा विचारत त्यात हुकूम होता, याच्या विचारण्यात काळजी आहे, पण प्रश्न तोच. मी म्हणते, "लिहितेय." त्याला बरं वाटतं. मग फोन ठेवल्यावर मला माझाच संशय येतो, की हे सगळं मी सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितेय, की विचारणाऱ्याला उत्तर असावं म्हणून.

तर एके सकाळी कांताकाकू मला म्हणाली, "पुष्पा, आज दुपारी गोधड्या धुवाले जाऊ." गोधड्या धुवायचे ते दिवस नव्हते. तरी मी दोन गोधड्या डोक्यावर घेतल्या. काका निघून बराच वेळ झाल्यावर आम्ही निघालो. उन्हाळ्यात तापी आमच्या काठापासून लांब सरकते, मध्ये वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. उंच काठावर एक जुना करंज होता. त्याच्या सावलीत काका बसलेला दिसला. काकूने मला हाताला धरून एरंडाच्या झुडपांमागे ओढलं. गोधड्या तशाच डोक्यावर, आम्ही दोघी उकिडव्या.

काका पाय पसरून बसला होता. बराच वेळ त्याने काहीच केलं नाही. मग पंच्यातून एक पेरू काढून खाल्ला, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. पाण्यात म्हशी होत्या, त्यांच्याकडे बघत राहिला. काकूची नजर त्याच्यावर नव्हती, पायवाटेवर होती. कोणीतरी येणार होतं. एक बाई डोक्यावर सरपण घेऊन काठावरून आली तेव्हा काकूने माझा दंड इतका घट्ट दाबला की वळ उठला. ती बाई काकाकडे न बघता पुढे गेली, काकानेही मान वळवली नाही. मग तो आडवा झाला, पंचा तोंडावर घेतला आणि झोपला. आमचे पाय आखडले. मुंग्या चढल्या. तो उठला, बसला, पुन्हा पाण्याकडे बघू लागला. ऊन तिरपं झालं. कोणी आलं नाही. जसजसं कोणी येईना तसतशी काकू चिडत गेली. शेवटी ती झुडपातून उठली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी मागे.

"कोणाची वाट दखी ऱ्हायनात?"

काका दचकला नाही. "कोणाचीच नही," तो म्हणाला.

"मंग काय करतस आठे?"

"बठस."

"बठाले घर नही का?"

"आपला घरमा बठता येस का कोणले?" त्याने सरळ विचारलं. तो सरकला, सावलीत जागा केली. "बठ. पुष्पा, तूबी बठ. गोधड्या खाले ठेव, मान मोडी जाई."

आम्ही बसलो, आणि त्या दिवशी काकाने जे सांगितलं ते मी आयुष्यभर ऐकलेल्या त्याच्या बोलण्यातलं सगळ्यांत लांब बोलणं होतं. हिवाळ्यात एकदा त्याच्या अंगात कणकण होती. लांबच्या बागेत वाळलेली पानं काढता काढता तो बांधाला टेकून बसला आणि त्याला झोप लागली. जागा झाला तेव्हा सूर्य बुडाला होता. तो घाबरून उठला, धावत सगळीकडे फिरला. पाणी आप्पांनी दुसऱ्या पट्ट्यात वळवलं होतं. कापलेले घड गाडीवर चढून गेले होते. बैल घरी जाऊन वैरण खात होते. तो घरी आला, जेवला. 'तू कुठे होतास' असं कोणी विचारलं नाही, कारण तो नव्हता हे कोणाला कळलंच नव्हतं. जो तो समजत होता की तो दुसऱ्या टोकाला राबतो आहे.

"मी नही होतू, अन् वावरले समजनंच नही," काका म्हणाला. "पहिले राग उना. मंग भीती वाटनी. मी काम करस म्हणीसन मी शे, असं माले वाटे. कामच माले वळखत नही. मंग मी शे कोण?"

"काय समजनं मंग? कोण शेतस तुम्ही?" काकूच्या आवाजात अजून धार होती.

काकाने पाण्याकडे बघितलं. "अजून नही समजनं. पण आठे बरं वाटस."

परत येताना काकू माझ्यापुढे भराभरा चालत होती. गोधड्या कोरड्याच होत्या. मध्येच ती थांबली, वळली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती संतापलेलीही होती. "बाई ऱ्हाती ते तिना झिंज्या धरी लेती मी," ती म्हणाली. "याना संगे कशी भांडू, सांग माले!"

घरी काकूने मायला सांगितलं, मायने आप्पांना. आप्पांनी एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. "बठाकरता कोणी इतला दूर जात नही," ते म्हणाले. आणि गंमत अशी, की त्या दिवसापासून काकूही संशयितांत गेली. नवरा-बायको दोघं मिळून काहीतरी लपवतात आणि पोरीला साक्षीला नेऊन आणतात, असं आप्पांच्या मनाने घेतलं. मला स्वतःला तरी काकाचं बोलणं पटलं होतं का? मी ते ऐकलं होतं, त्याचा चेहरा पाहिला होता, तरी अंथरुणावर पडल्यावर वाटायचं, यात काहीतरी कमी आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस घर पणाला लावतो? आज माझं वय तेव्हाच्या काकापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि अजूनही तो धागा माझ्या हातून कधी कधी सुटतो. मी त्याला पुढे अनेकदा खोदून विचारलं. त्याने कधीही दुसरं काही सांगितलं नाही.

केळीची कापणी जवळ आली तशी आप्पांनी पंगतीतच विषय काढला. घर एकच ठेवायचं असेल तर पूर्ण दिवस काम, नाहीतर कापणी झाल्यावर गावातली चार जाणती माणसं बसवून वाटण्या. काका शांतपणे म्हणाला, "माले वेगळं ऱ्हावानं नही. मन्हा वाटा अर्धा कर, भाऊ. पण दुपार मन्ही ऱ्हाऊ दे."

आप्पांचा संशय यावर मावळायच्या ऐवजी भडकला. आपण होऊन वाटा सोडणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "वाटा सोडस म्हणजे याले दुसरीकडे काहीतरी मोठं दिसी ऱ्हायनं," ते मायला म्हणाले. मग मला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाले, "तोपर्यंत कॉलेजनं नावबी काढू नका."

कापणी व्हायची राहिली, जाणती माणसं बसायची राहिली आणि वादळ आलं. ऐन उन्हाची दुपार होती. गुजरातच्या बाजूने आभाळ आधी पिवळं झालं, मग तांब्यासारखं, आणि वारा आला तो धुळीची भिंत घेऊन. आम्ही सगळे बागेकडे धावलो. तिथे करण्यासारखं काही नव्हतं तरी धावलो. केळीचं झाड मोडतं तेव्हा लाकडासारखा कडाड आवाज येत नाही. ओल्या मांसासारखा दबका, पाणी भरलेला आवाज येतो, आणि लगेच घड जमिनीवर आदळल्याचा. तसे आवाज चारही बाजूंनी येत होते. काका नदीकडून धावत आला, अंगभर वाळू. आप्पा बागेच्या मध्यावर एका झाडाला मिठी मारून उभे होते. ते एक झाड तरी उभं राहावं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ते छातीशी आवळलं होतं. भोवतालची झाडं रांगेने पडत गेली. मग त्यांच्या मिठीतलंही वरून मोडलं, घड त्यांच्या पायाशी आला आणि त्यांच्या हातात नुसता बुंधा राहिला. वारा थांबल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. काकाने जाऊन एकेक बोट काढून त्यांचे हात सोडवले.

पुढचे दिवस मला अंधुक आठवतात, पण आप्पा ठळक आठवतात. आधीही वादळं झाली होती, नुकसानी झाल्या होत्या, नव्याने लागवड करून घर उभं राहिलं होतं. या वेळी आप्पाच उभे राहिले नाहीत. पहाटे त्याच वेळी खोकत उठत, शेतात जात आणि बांधावर बसून परत येत. जेवणाचं ताट समोर ठेवलं की त्याच्याकडे बघत. हात मांडीवर उलटे ठेवलेले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि सांभाळायला दिले आहेत. रडले नाहीत. कोणाला 'काय करी ऱ्हायनी' असं विचारलंही नाही. तो प्रश्न बंद झाला आणि घर भयाण झालं.

काका सकाळी माणसं घेऊन पडलेली बाग साफ करी. दुपारी जेवे आणि पंचा खांद्यावर टाकी. पहिल्या दिवशी काकू दारात आडवी आली. "आतेबी? भाऊनी अशी हालत शे अन् तुम्ही आतेबी जातस?" तो तिच्या बाजूने निघून गेला. शेजारीपाजारी उघड बोलू लागले. शिवदासआबा म्हणाले, याचं कुठेतरी ठरलेलंच असणार, नाहीतर बाग आडवी झालेला माणूस असा निवांत कसा? मला त्या आठवड्यात काकाचा जितका संशय आला तितका आधी कधी आला नव्हता.

मग एका दुपारी पंचा टाकून तो दाराशी गेला, थांबला, परत फिरला आणि आप्पांच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला. "भाऊ, चाल."

"कोठे?"

"तठे."

आप्पांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि ते प्रेम नव्हतं. "चाल," ते म्हणाले. "आज दखीच लेस." मायने मला पाण्याचा तांब्या दिला आणि खूण केली. दोघं भाऊ हातघाईवर येतील अशी तिला भीती होती.

करंजाखाली पोचल्यावर आप्पा बसले नाहीत. त्यांनी झाडाला पूर्ण फेरी मारली. एरंडाची झुडपं काठीने बाजूला करून बघितली. काठावरून वाकून खाली पाहिलं, पलीकडच्या तीरावर कोणी आहे का ते हात कपाळाशी धरून न्याहाळलं, वाट पुढे कुठे जाते ते चालत जाऊन बघून आले. काका पाय पसरून बसला होता. शेवटी आप्पा त्याच्या शेजारी टेकले.

"आते?"

"आते काही नही."

आप्पा ताठ बसले, कोणीतरी येईल या तयारीने. थोड्या वेळाने त्यांच्या हातांना चैन पडेना. त्यांनी गवत उपटायला सुरुवात केली, त्याची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. काकाने हळूच ती जुडी त्यांच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. आप्पांनी रागाने बघितलं, पण परत घेतली नाही. वारा पाण्यावरून येत होता. म्हशी डुंबत होत्या. कधी ते मागे झाडाला टेकले मला कळलं नाही. बघते तर मान कलली होती, तोंड किंचित उघडं. दिवसाच्या उजेडात आप्पांना झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी पुढे होऊन त्यांच्या नाकाशी हात नेला. काका म्हणाला, "ऱ्हाऊ दे. झोपेल शेतस."

सावली सरकली तसा काका त्यांच्या अंगावर ऊन येऊ नये म्हणून पुढे सरकून बसला. बऱ्याच वेळाने आप्पा एकदम दचकून उठले, पायांत वहाणा शोधू लागले. "मोटर चालू शे! पाणी वळवाले जानं शे!"

"भाऊ," काका म्हणाला, "बाग नही शे."

आप्पा उभे होते ते खाली बसले. आणि मग ते रडले. मी तिथे आहे हे त्यांना आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. आवाज न करता, खांदे हलवत, लहान मुलासारखे हाताच्या पालथ्या बाजूने चेहरा पुसत रडले. काकाने त्यांना हात लावला नाही, समजूत घातली नाही. पाण्याकडे बघत बसला. आप्पांचं रडणं संपलं, ते तांब्यातलं पाणी प्यायले, त्यांनी तोंड धुतलं आणि धाकट्या भावाकडे पुन्हा त्याच बारीक नजरेने बघितलं.

"तू आठे रडाले येस का रे?"

"पहिले रडनू," काका म्हणाला. "आते नही."

"मंग आते काय करस?"

काकाने खरंच विचार केला. मग मान हलवली. त्याला सांगता येत नव्हतं.

घरी माय दारातच उभी होती. आप्पा पाय धूत असताना तिने हळूच विचारलं, "काय होतं तठे?"

"काहीच नही."

"काहीच नही?"

"एक झाड शे. अन् तुन्हा देर शे," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी ताट मागितलं. मायने देरासाठी, म्हणजे तिच्या दिरासाठी, त्या संध्याकाळी मुद्दाम बेसनाच्या पातोडीची रसभाजी केली.

वाटण्यांसाठी माणसं बसली नाहीत. आप्पांनी काकाला 'जा' असं कधी म्हटलं नाही, पण दुपारी तो पंचा टाकून निघाला की ते तोंड दुसरीकडे वळवू लागले. शिवदासआबांनी पारावर पुन्हा विषय काढला तेव्हा आप्पा म्हणाले, "त्यानी तब्येत नाजूक शे. डॉक्टरनी दुपारी आराम सांगेल शे." कोणत्याही डॉक्टरने असं सांगितलं नव्हतं. पण गावाला ते एका क्षणात पटलं. आजारपण म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे सैल झाले, दोन बायका काकाला मोसंबी घेऊन भेटायला आल्या, आणि घरातल्या सगळ्यांत दणकट माणसाने ती गंभीर चेहऱ्याने घेतली. पावसाळ्यात नवी लागवड झाली. माझं नाव लोणखेड्याला घालायला आप्पा स्वतः माझ्याबरोबर बसने आले. वाटेत ते एवढंच म्हणाले, "शिक. पण तठे जाईसन नुसती बठी ऱ्हाऊ नको."

काका म्हातारा होईपर्यंत नदीवर जात राहिला. आप्पांनी मात्र कबूल केलं नाही की बसण्यात काही आहे. त्यांचा 'काय करी ऱ्हायनी' हा प्रश्न नव्या बागेबरोबर पुन्हा सुरू झाला आणि शेवटपर्यंत चालला. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हाची एक दुपार सांगते आणि थांबते. जेवणं झाली होती, काका निघून गेला होता, मी आणि माय ओसरीवर उडीद निवडत होतो. आप्पा उठले, टोपी घातली, इकडेतिकडे बघितलं आणि कोणी विचारलं नसताना मायला म्हणाले, "जरा मोटरनं पाणी दखी येस."

"बरं," माय म्हणाली.

ते गेले. शेताची वाट उजवीकडे होती, ते डावीकडे बोळात वळले. डोक्यावर पंखा बंद होता. सकाळपासून गावात लाइट नव्हती, हे ओसरीवरच्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मी मायकडे बघितलं. "माय, लाइट ते नही शे. मोटर कशी चालेल?"

माय सुपातल्या उडदावरून हात फिरवत राहिली.

"माले माहित शे," ती म्हणाली. "तू त्यासले नको सांगू."